पाय सुटला की सांग

बाबांचा फोन वर्षातून एकदाच यायचा आणि त्यात एकच वाक्य असायचं. ‘वाफसा आला.’ मी ‘हो बाबा’ म्हणेपर्यंत तिकडून फोन ठेवलेलाही असायचा. कुणाला ताप, कुणाचा साखरपुडा, कुठली मांजर व्यायली या बातम्या आईच्या खात्यातल्या. हे एक वाक्य मात्र बाबांचं. हिवाळ्यात मुरलेला ओलावा हवा तेवढा उतरला, माती आता ना पायाला चिकटते ना ढेकूळ होऊन बसते, ट्रॅक्टर घाला, वाफे पाडा, बी टाका, असा सगळा त्याचा अर्थ. कॅलेंडरातला वसंत आमच्या मळ्यावर कुणी कधी मानला नाही. बाबा अनवाणी मळ्यात उतरायचे, मधोमध उभे राहायचे, आणि ते बोलले की वसंत. त्यामुळे त्या दिवशी हातात कुणा म्हातारबाईची खालची कवळी, बोटांना गुलाबी मेण, आणि फोनवर बाबांचं नाव दिसलं, तेव्हा मी ऐकायच्या आधीच ‘हो बाबा’ म्हणून मोकळी झाले. तिकडून बाबा म्हणाले, ‘वाफसा आला का गं?’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. ‘काय म्हणालात?’ ‘नाही, म्हटलं तुला काय वाटतं.’ ‘बाबा, मी तिसऱ्या मजल्यावर आहे.’ ‘हो, तेही खरंच.’ त्यांच्या मागे कुठेतरी एक बादली आपटली, बायका हसल्या. म्हणजे मजूर बायकांची टोळी येऊन पोचली होती. ‘दादानं उद्या ट्रॅक्टर सांगितलाय,’ ते म्हणाले, ‘येशील का तू?’ हा दुसरा प्रश्न. ज्या माणसानं माझ्या लग्नाच्या वेळी मला मुलगा पसंत आहे का हे न विचारता ‘बरा आहे’ असं जाहीर केलं, इस्पितळात आईच्या डॉक्टरांना ‘ताप उतरलाय’ असं स्वतःच सांगितलं, त्या माणसानं एका दमात दोन प्रश्न विचारले. मी येते म्हणाले आणि फोन ठेवला, आणि मग लक्षात आलं की मेण बोटांवरच गार झालंय.

आमची कामाची खोली दातांच्या दवाखान्याच्या मागे आहे. पुढे डॉक्टर माणसांचे दात काढतात, मागे मी बसवायचे दात करते. प्लास्टर कधी धरलं हे सगळ्यांना घड्याळ सांगतं, मला अंगठा सांगतो. माझ्या कवळ्या टोचतात म्हणून परत येत नाहीत. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बरं, फुशारकीनंच सांगते. पण त्या दिवशी एक कवळी मला दोनदा वितळवावी लागली, कारण मन त्या ‘का’वर अडकून बसलं होतं. पुढच्या खोलीत कुणाचीतरी दाढ काढली होती आणि डॉक्टर नेहमीची तंबी देत होते, भुलीची सुई उतरेपर्यंत काही खाऊ नका, ओठ चावाल आणि कळणारही नाही. ही तंबी मी इतकी वर्षं ऐकत आले आहे. एक गृहस्थ तर असेच हसत हसत बाहेर आले होते, हनुवटीवर रक्त, आणि बायको किंचाळली तेव्हा कुठे त्यांनी हात लावून पाहिलं. मला एकदम बाबांचे पाय दिसले. मळ्याच्या मधोमध उभे असलेले, गोरे, घोट्यापर्यंत मातीत गेलेले. आणि एक विचार आला तो मी चटकन बाजूला सारला, जसं आपण दुसऱ्याच्या घरातला उघडा राहिलेला दरवाजा न बघितल्यासारखं करून पुढे जातो. डॉक्टर आत आले आणि म्हणाले, ‘काय झालं?’ मी म्हटलं, ‘वडिलांनी प्रश्न विचारला.’ ‘मग उत्तर द्या की.’ ‘तेच द्यायला जातेय. उद्या येणार नाही.’

संध्याकाळी नवरा म्हणाला, ‘फोनवर सांगून टाक ना, त्यासाठी जायचं कशाला?’ फोनवर सगळं सांगता येतं असं मानणाऱ्यांपैकी तो आहे, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबरही असतं. मी त्याला गाजरांची आठवण करून दिली. मागच्या वसंतात आई शहरातल्या इस्पितळात होती आणि मी तिच्या उशाशी बसून असायचे. तेव्हा बाबांचा फोन आला, नेहमीचा, एका वाक्याचा. मी आईला सांगितलं, ‘वाफसा आला म्हणे.’ आई डोळे उघडून म्हणाली, ‘इतक्यात?’ आणि उठून बसायला लागली, माझ्या चपला कुठे आहेत म्हणून विचारायला लागली. हाताला सलाइन, अंगात उभं राहायचं त्राण नाही, आणि हिला चपला हव्यात. नर्सनं आणि मी मिळून तिला झोपवलं. मी समजले, तापात बडबडतेय. त्या वर्षी ओल्यातच ट्रॅक्टर फिरला, माती खाली चेपून विटेसारखी झाली, मटार पिवळा पडून बसला, आणि गाजरं खाली जायला वाट मिळेना म्हणून फुटली. दोन पायांची गाजरं, तीन पायांची गाजरं, एकमेकांच्या पायात पाय घातलेली गाजरं. मंडईत लोक म्हणाले, पायजमे आले पायजमे. दादा ते ऐकून घरी आला आणि जेवला नाही. आई तेवढ्यापुरती बरी झाली, मळ्यावर गेली, त्या गाजरांकडे बघून काही बोलली नाही, आणि हिवाळा लागताना गेली. यंदा दादानं बाबांना न विचारता ट्रॅक्टर सांगितला होता. त्याचं काय चुकलं? पण यंदाही चुकला असता तर मात्र मळ्याचं काही खरं नव्हतं. एक वाईट वसंत घर सोसतं. सलग दुसरा आला की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, आणि गेलेलं गिऱ्हाईक आणि उडालेला पोपट सारखाच.

सकाळच्या पहिल्या बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. शहर संपून शेतं लागली तशी मी उजव्या पायातला बूट काढला आणि बसच्या खरबरीत पत्र्यावर पाय टेकवून पाहिला. पत्रा गार लागला, त्याच्या रेघा कळल्या, खालच्या इंजिनाची थरथर कळली. चला, पाय जागा आहे. पलीकडची बाई माझ्याकडे बघून तिची पिशवी जवळ ओढून बसली. लहानपणी मी आईबरोबर भल्या सकाळी पालक खुडायला जायचे. दादाला उठवायचं नसे, बाबा दूध आणायला गेलेले असत. आई चपला बांधावर काढून ठेवायची. त्या मळतील म्हणून, असं मला वाटायचं. ती चालताना बोलायची, सतत, काहीबाही. इथे गार आहे बघ. इथे पाय सुटतो. इथे नाही सुटत, थांब, पुन्हा टाक. मी पण टाकायचे. मला तो खेळ वाटायचा, ठिक्कर खेळावं तसा. पाय उचलला की माती मागे राहते का बरोबर येते, एवढंच बघायचं. मग घरी येऊन चहा पिताना ती बाबांना तेच सगळं सांगायची, पुन्हा पहिल्यापासून, आणि बाबा खाली बशीत बघत ऐकायचे. मला वाटायचं, किती बोलते ही. बसमध्ये मी बूट पायात घातला नाही, तसाच बाजूला ठेवला, आणि कालचा बाजूला सारलेला विचार आपला आपण येऊन शेजारी बसला. आता त्याला हुसकावण्यात अर्थ नव्हता.

बाबा मळ्याच्या वळणावर उभे होते, घरापासून बरेच अलीकडे, घोटून दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. मला इतकं भरून आलं की आधी त्यांना रागावूनच घेतलं. ‘इथे काय करताय थंडीत?’ ‘तू येणार होतीस ना.’ ते चालायला लागले तेव्हा डावा गमबूट जरा वाकडा पडत होता. मी त्यांना मैलाच्या दगडावर बसवलं, बूट काढला, उलटा केला, आणि त्यातून सुपारीएवढा खडा पडला. मोजा तिथे फाटला होता, कातडी लाल झाली होती. बाबा खड्याकडे बघून म्हणाले, ‘असू दे गं, मला कुठे टोचतोय.’

‘पायांना काही कळत नाही ना तुमच्या?’

‘कळतं की. पाय आहेत एवढं कळतं.’

‘कधीपासून?’

‘तुझं लग्न झालं त्या वर्षी पाय शेकायला घमेल्यात घातले होते. पाणी कढत होतं. फोड आले ते तुझ्या आईनं पाहिले, मला पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले साखर आहे. पायातली जाणीव गेली ती परत येत नाही म्हणाले.’

‘मग इतकी वर्षं वाफसा कसा सांगत होतात?’

बाबांनी मोजा वर ओढला, त्याची सुरकुती काढत बसले. ‘आई सांगायची,’ ते म्हणाले. ‘ती पाहून यायची. वरून आहे, आतून नाही. खालच्या तुकड्यात अजून पाय धरतो. असं सांगायची. मग म्हणायची, आज सुटला. मग मी जाऊन उभा राहायचो.’

‘तिनंच सांगितलेलं असायचं तर तुम्ही कशाला उभे राहायचात?’

‘लोकांना दिसायला नको का?’ बाबा इतक्या प्रामाणिकपणे म्हणाले की मला हसूच आलं. मागच्या वर्षी आई मळ्यावर नव्हती म्हणून त्यांनी हातानं पाहिलं होतं. मूठ भरून दाबली, फुटली, म्हणाले आला. पण हाताला वरची माती कळते. खालचं कळायला अंगाचा सगळा भार घालावा लागतो, आणि तो पायावरच येतो. ‘हे दादाला माहीत आहे?’ ‘कुणालाच नाही. आता हे बघ,’ बाबांनी आवाज खाली आणला, आजूबाजूला एक कावळासुद्धा नव्हता तरी. ‘तू माझ्या बाजूनं चाल. पाय सुटला तर खोक. नाही सुटला तर गप्प राहा. मी बोलतो.’

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्यांचा हात धरून चालत राहिले आणि मनात मात्र आई बसली होती. ती गेली तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक माणूस सांगत होता, काय हाताला चव होती हो. हाताचं कौतुक ऐकून ऐकून मीही मान डोलावली. पायांचं कुणी बोललं नाही, कारण पाय बाबांचे म्हणून प्रसिद्ध होते. मला बाबांचा राग आला, आणि आईचा त्याहून जास्त आला. एकदा तरी म्हणायचंस, मी सांगते ते. पण ती हसून म्हणाली असती, कुणी का सांगेना, गाजर सरळ वाढल्याशी कारण. तिला ते खरंच पुरत होतं की नाही हे आता कुणाला विचारू? मला पुरलं नसतं. मी केलेल्या कवळीवर डॉक्टरांचं नाव लागतं तेव्हासुद्धा मी आतल्या बाजूला नखाएवढी खूण करून ठेवते. आणि आता बाबा मला आईच्या जागी उभं करत होते, बरोबर त्याच जागी, बांधापासून चार हात आत, त्यांच्या सावलीत. खोकण्याइतकं काम. पण वळण संपल्यावर त्यांनी माझा हात सोडून मान ताठ केली आणि सदऱ्याची कॉलर नीट केली, तेव्हा मला वाटलं, खोकायला काय जातंय आपलं. म्हातारपणी माणसाची एवढी एक गोष्ट राहिलीय, ती कशाला काढून घ्यायची. त्या चार पावलांत मी दोन्ही बाजूंनी पक्की होते.

मळ्याच्या तोंडाशी ट्रॅक्टर घरघरत उभा होता, ड्रायव्हर वर बसून दात कोरत होता. टोळीच्या बायका बांधावर ओळीनं, गमबूट घालून, खुरपी पुढ्यात. त्यांची मुकादम, जिला आम्ही सगळेच आत्या म्हणतो, मला बघून म्हणाली, ‘आली का शहरातली? जाडी झालीस.’ ‘तू कुठे बारीक झालीस?’ मी म्हटलं. ती खूश झाली. दादा जवळ आला. आईसारखाच चेहरा, फक्त झोप न झालेला. त्याला मी आलेली आवडली आणि का आले ते कळलं नाही. ‘बघ,’ तो म्हणाला, आणि वाकून मूठभर माती उचलली, दाबली, सोडली. लाडू फुटावा तशी ती फुटली. ‘आहे की नाही? आणि आज नाही झालं तर ही मंडळी पलीकडच्या मळ्यात जातील. तिकडून निरोप आलाय त्यांना.’ ‘आला नुसता नाही,’ आत्या म्हणाली, ‘गाडी पाठवतो म्हणतायत.’

बाबांनी गमबूट काढले. मीही बूट मोजे काढले. बायका गप्प झाल्या. दरवर्षीचं आहे, तरी गप्प होतात. आम्ही दोघं उतरलो. पहिलं पाऊल टाकलं आणि मला शहर, दवाखाना, सगळ्यांचा विसर पडला. माती गार होती, पण बोचरी नाही. वरचा तुकडा सरळ होता. पाऊल टाकलं, भार दिला, उचललं. माती जागच्या जागी राहिली, टाचेला पिठासारखी भुकटी. सुटतोय. अजून सुटतोय. मधल्या तुकड्यात बोटांच्या बेचक्यात ओल आली, पण तीही हवी तेवढी. मला खोकावंसं वाटलं. अगदी घशात आला होता खोकला. दादा बरोबर निघाला, बाबांची शान राहिली, मी दुपारच्या बसनं परत, असं सगळ्यांना सोयीचं होतं. खालचा तुकडा तेवढा राहिला होता. वरून तो सगळ्यात कोरडा दिसत होता, उन्हानं पांढरा पडलेला. तिथे मी पाय टाकला आणि वरची पापडी दुधावरच्या सायीसारखी हलली. फाटली नाही, हलली. मी टाच रोवून सगळा भार दिला. टाच आत गेली आणि मातीनं ती धरली. ओढली तेव्हा पचकन आवाज आला आणि पायाबरोबर एक काळा गोळा वर आला. शेजारीच बाबा त्याच मातीत घोट्यापर्यंत गेले होते आणि समोर बघत शांत उभे होते. त्यांना काही कळलेलं नव्हतं. ते माझ्या खोकल्याची वाट बघत होते.

मी गप्प राहिले. ठरल्याप्रमाणे. बाबांनी आणखी थोडी वाट पाहिली, माझ्याकडे तिरकं बघितलं, तोंडी परीक्षेला पोरं बघतात तसं, आणि मोठ्यानं म्हणाले, ‘नाही. अजून नाही.’ दादानं हातातली उरलेली माती झटकली. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. ‘बाबा, मागच्या वर्षी असेच उभे राहून आला म्हणालात,’ तो म्हणाला. ‘यंदा मी माझ्या जबाबदारीवर करतो.’ आणि ड्रायव्हरला हात केला. इंजिनाचा आवाज चढला. बाबांचं तोंड उघडं राहिलं. ते पुन्हा नाही म्हणू शकले असते, पण त्यांच्या ‘नाही’त आता काही उरलं नव्हतं, हे त्यांनाही कळलं आणि बांधावरच्या सगळ्या बायकांनाही. ट्रॅक्टर बांध उतरायला लागला. मला पक्कं माहीत होतं. आयुष्यात फार थोड्या गोष्टी मला इतक्या पक्क्या माहीत आहेत.

‘थांबव रे तो!’ मी ओरडले. ‘वाफसा नाही. वरच्या दोन तुकड्यांत आहे, इथे नाही. आणि इथून ओल वर चढतेय.’

‘तुला काय कळतंय?’ दादा म्हणाला.

‘मला कळतंय. बाबांना कळत नाही. त्यांच्या पायांना माझ्या लग्नाच्या आधी कधीतरी कळत होतं. लग्नाच्या वर्षापासून आई सांगत होती. सगळे वाफसे आईचे आहेत.’

ड्रायव्हरनं ट्रॅक्टर तिथेच बंद केला. एकदम इतकं शांत झालं की लांब कुठेतरी कुणीतरी खाट आपटत होतं ते ऐकू आलं. मी बाबांकडे बघायचं टाळलं आणि मग बघितलं. ते खाली आपल्या पायांकडे बघत होते, पहिल्यांदाच दिसल्यासारखे. मला वाटलं, आपण बापाला भर मळ्यात नागडं केलं. माझे शब्द मला परत घ्यायचे नव्हते. मग बाबा म्हणाले, ‘खरं आहे ती म्हणते ते.’ आणि दादाकडे वळून, ‘तुझ्या आईनं एकदाही चुकीचं सांगितलं नाही.’

‘मागच्या वर्षी?’ दादा म्हणाला, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं. मागच्या वर्षी ती कुठे होती, ते तो विसरला नव्हता. मग त्यानं बांधावर बसून गमबूट काढले. मोठा झाल्यापासून त्याला अनवाणी पाहिलं नव्हतं मी. पाय मऊ, नखं पांढरी. कोंबड्यासारखा एकेक पाय उचलत तो खालच्या तुकड्यात आला. ‘गारच लागतंय नुसतं,’ तो म्हणाला. ‘टाच दाब,’ मी म्हटलं. ‘सगळा भार घाल. आता उचल.’ त्याचा पाय आला नाही. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा पचकन आला, आणि तोल जाऊन त्यानं माझा खांदा धरला. कितीतरी वेळ तो त्या पायाकडे आणि त्याला लागलेल्या काळ्या मातीकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि त्यानं ते पुसले नाहीत. ‘आई रोज यायची इथे?’ तो म्हणाला. ‘रोज. तू झोपलेला असायचास,’ मी म्हटलं. बाबांनी माझा दंड धरला होता, पडू नये म्हणून, आणि तो त्यांनी सोडला नाही.

बांधावर आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्यामागे टोळीच्या बायका खुरपी आवरायला लागल्या होत्या. पलीकडच्या मळ्याची गाडी येणार होती, त्यांचा दिवस बुडणार होता, त्यांचंही बरोबरच होतं. आत्यानं बाबांकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि मग त्या दोघांना सोडून मला विचारलं, ‘मग कधी?’

मला माहीत नव्हतं. वारा राहिला तर उद्या, ढग आले तर चार दिवस. आणि ते इथे राहिल्याशिवाय, रोज सकाळी उतरल्याशिवाय कळणार नव्हतं. ‘आत्ता नाही सांगता येत,’ मी म्हटलं. ‘उद्या उजाडताना बघते आणि सांगते. उद्या नाही सुटला तर परवा बघते.’

आत्यानं माझ्या पायांकडे एकदा पाहिलं. मग टोळीकडे वळून म्हणाली, ‘बसा गं. हिनं सांगितलं की उठायचं.’